दुहेरी बाबागाडी कशाला हवी?

दोन लहान मुलांच्या आईने एखाद्या मध्यमवर्गीय मराठी घरात ‘दोघांना बसवता येईल अशी बाबागाडी घ्यावी म्हणते’ एवढे वाक्य उच्चारून पाहावे. घरातील वडीलधारे पुरुष हसतात, वडीलधाऱ्या बायका एकमेकींकडे पाहतात, आणि कोणीतरी एक जण, बहुधा ज्याने जन्मात ओले दुपटे बदललेले नसते असा, विचारतो, “आमच्या आईने आम्हा सात भावंडांना वाढवले. तिच्याजवळ कुठे होती बाबागाडी?” या प्रश्नाला उत्तरच नाही अशा समजुतीने तो पुढे चहाच्या कपाला हात घालतो. त्याला उत्तर देण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी पाने मोकळी ठेवली आहेत, तेव्हा आज ते देते.

तुमच्या आईजवळ बाबागाडी नव्हती हे खरे. तिच्याजवळ तुमची थोरली बहीण होती.

आठ-नऊ वर्षांची परकरी पोर, एका अंगाला कंबर काढून तिच्यावर धाकट्याला बसवलेले, एका हाताने त्याला सावरते आहे आणि दुसऱ्या हाताने सागरगोटे खेळते आहे, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या आठवणींत आहे. आपण त्याला गोड म्हणतो. ती मुलगी त्या वेळी कोठे असायला हवी होती, हे मात्र विचारीत नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने १९१८ साली मुंबई इलाख्यातही सक्तीचा कायदा झाला. कायदे झाले, तरी वर्गातली मुलींची जागा रिकामीच राहिली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि या दोघींना जे दिसले ते मोठमोठ्या शिक्षणाधिकाऱ्यांना दिसले नव्हते. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर एक मूल आहे. मग त्यांनी मुलीला व्याख्यान दिले नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरलीने यावे, कडेवरचे तान्हे पाळण्यात ठेवावे, हात धरून आणलेले मधले बालवाडीत बसवावे आणि स्वतः वर्गात जावे. कोसबाडच्या विकासवाडीचे मर्म मला तरी यातच दिसते. कडेवरचे ओझे उतरवून ठेवायला जागा करून दिली, की माणूस पुढे चालू लागते.

‘मूल कडेवर घेण्याची आपली परंपरा’ असे जे म्हणतात त्यांनी एवढेच सांगावे, की कड कोणाची?

थोरली बहीण पुढे शाळेत जाऊ लागली, आणि हे सुदैवच म्हणायचे. पण शहरातील सुखवस्तू घरांनी तिची जागा रिकामी राहू दिली नाही. गावाकडून ‘मुलाला खेळवायला’ म्हणून दहा-बारा वर्षांची पोर आणायची, तिला जुने कपडे द्यायचे आणि ‘अगदी घरच्यासारखी राहते हो’ म्हणून पाहुण्यांना सांगायचे, ही रीत किती घरांत होती ते आपण सगळे जाणतो. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २००६ मध्ये बंदी केली. तेव्हाच्या कुरकुरीतले एक वाक्य मी विसरलेली नाही: “आता लहान मुलं सांभाळायची कोणी?” कायद्याने एका लहान मुलीला सोडवले, आणि सुशिक्षित बाईला पहिल्यांदा सुचले ते हे!

त्यानंतर पाळी आली आजीची. आजी अजून आहे. तिच्या गुडघ्यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण ते गुडघे माझेही आहेत. बारा किलोचा नातू आणि पाच किलोची नात एकाच वेळी उचलून तीन जिने उतरावेत अशी अपेक्षा आजीकडून करणाऱ्याने आधी गव्हाचे पोते उचलून दाखवावे.

आणि सर्वांत शेवटी आले आपले आजचे वाहन. पुण्यात राहणाऱ्या वाचकाला ते सांगायला नको. पुढे पायरीवर उभे असलेले थोरले मूल, हँडलला दोन्ही हातांनी धरलेले, त्याच्यामागे वडील, वडिलांच्या आणि आईच्या मध्ये चेंगरलेले धाकटे, मागे आई, तिच्या खांद्याला भाजीची पिशवी. आपली दुहेरी बाबागाडी म्हणजे ही स्कूटर. सरकारनेही ते ओळखले आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवरून नेताना चालकाच्या अंगाला बांधणारा पट्टा असावा, डोक्याला टोप असावा आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत असावा, असा नियम २०२२ साली निघाला आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू झाला. नियम चांगला आहे. पण नऊ महिन्यांचे मूल रस्त्यावर यायचे ते स्कूटरवरूनच, हे त्यात किती सहज गृहीत धरले आहे पाहा! ते मूल ढकलगाडीत बसून, आईच्या चालीने, घरापासून बागेपर्यंत जाऊ शकेल अशी कल्पना कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

माझी एक भाची पुण्याच्या उपनगरात राहते. दोन मुलांमध्ये वीस महिन्यांचे अंतर. नवरा सकाळी आठला जातो तो रात्री आठला येतो. मी तिला बाबागाडीचे विचारले तेव्हा ती म्हणाली, “मावशी, मला गाडीची हौस नाही गं. मला खाली जायचंय. अकरा आठवडे झाले, मी एकटी खाली उतरले नाही.” एक मूल असते तोवर बाई त्याला उचलते आणि निघते. दुसरे झाले की हात संपतात. एकाला उचलावे तर दुसरे जिन्याकडे धावते. दोघांना उचलावे तर दार कोणी उघडायचे, कुलूप कोणी लावायचे? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, बाईला काय घरबसल्या सुख आहे! सुशिक्षित, कमावती, मोबाइलवर बँकेचे व्यवहार करणारी बाई दोन मुलांच्या पायी चौथ्या मजल्यावर स्थानबद्ध होते आणि तिच्याविषयी बोलताना आपण ‘सध्या घरीच असते’ असा सौम्य शब्द वापरतो.

तेव्हा दुहेरी बाबागाडी ही चैन आहे काय, या प्रश्नाचा निकाल मी माझ्यापुरता लावला आहे. ती त्या बाईचा तिसरा आणि चौथा हात आहे.

आता ती गाडी निवडायची कशी? येथे माझे भांडण दुसऱ्या पक्षाशी आहे. जे गाडीला हसतात ते परवडले, पण जे ती दागिन्यासारखी विकत घेतात त्यांचे काय करावे? दुकानात जाऊन कापडाचा रंग पाहतात, पेला ठेवायची खोबण पाहतात, परदेशातल्या मेव्हण्याकडे कोणती आहे ते पाहतात. घराचा दरवाजा मोजून कोणी जात नाही. हा दोष आजचा नव्हे, गाडीच्या जन्माबरोबरच तो आलेला आहे. इंग्लंडात विल्यम केंट या शिल्पज्ञाने १७३३ साली डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी केली ती शिंपल्याच्या आकाराची होती आणि ती ओढायला बकरी किंवा तट्टू जुंपायचे होते. म्हणजे पहिल्या बाबागाडीत आईचा विचार मुळीच नव्हता. तिचा हात गाडीला लागणार नव्हता. पुढे बकरी गेली आणि मागे ढकलायचा दांडा आला, तरी मोठ्या घरांत तो दांडा पगारी दाईच्या हाती असे. उंच चाकांच्या, पालखीसारख्या त्या जड गाड्या दिसायला फार देखण्या असत. देखण्या असणारच, त्या उचलायची वेळ मालकिणीवर कधी येत नव्हती.

गाडीत खरा फरक केला तो एका आजोबाने, आणि हे मी मुद्दाम सांगते. ओवेन मॅक्लारेन हा विमानविद्येतला माणूस. स्पिटफायर या लढाऊ विमानाची पोटात मिटणारी चाके तयार करण्याच्या कामात त्याचा हात होता. निवृत्त झाल्यावर, मुलगी आपल्या तान्ह्याची अवजड गाडी घेऊन प्रवास करते आहे, तिची तारांबळ उडते आहे, हे त्याने पाहिले. विमानाची चाके मिटतात, तर नातवाची गाडी का मिटू नये? १९६५ साली त्याने छत्रीसारखी मिटणारी अॅल्युमिनियमची गाडी तयार केली. तिचे वजन जेमतेम तीन किलो. जगभरच्या बायका बसमध्ये आणि आगगाडीत मूल घेऊन चढू लागल्या, त्याला त्या म्हाताऱ्याची ही नळ्यांची छत्री बरीच कारण झाली. ‘आमच्या आईजवळ कुठे होती’ असे तो म्हणाला नाही. मुलीच्या हाताकडे त्याने पाहिले.

तोच नियम आपण धरावा. मुलाकडे पाहून गाडी घेऊ नका. मूल कोठेही झोपते. जी ढकलणार तिच्या मनगटाकडे पाहा, आणि मग ज्या सर्वांत अरुंद जागेतून गाडी जायची तिच्याकडे पाहा. ती जागा बहुधा लिफ्टचे दार असते.

दोन मुलांच्या गाड्या मुख्यतः दोन जातींच्या. एकीत मुले शेजारी-शेजारी बसतात, दुसरीत एकामागे एक. शेजारी-शेजारीची गाडी साधारण पाऊण मीटर किंवा त्याहून थोडी अधिक रुंद असते. नव्या घराच्या मुख्य दारातून ती जाते. जुन्या इमारतीतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये ती शिरत नाही, आणि औषधांच्या दुकानातल्या दोन फळ्यांच्या मधल्या बोळात तर नाहीच नाही. पण ती वळवायला सोपी, आणि भावंडे एकमेकांना पाहतात, हा फायदा लहान नव्हे. एक मूल बारा किलोचे आणि दुसरे पाचाचे असेल तर गाडी जडाकडे ओढ घेते. ढकलणारीला दिवसभर एका मनगटाने अधिक जोर लावावा लागतो. तो ताण संध्याकाळी कळतो, दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर कळत नाही.

मागे-पुढे बैठकी असलेली गाडी एकेरीएवढीच अरुंद, म्हणून अनेकांना ती शहाणपणाची वाटते. तिची परीक्षा पदपथाच्या काठाशी होते. काठ चढायचा तर दांडा खाली दाबून पुढची चाके उचलावी लागतात. पुढे थोरले मूल बसलेले असेल तर तराजूचे ते पारडे उचलत नाही. बाई दांड्यावर ओणवी होते, आणि मागून कोणीतरी हॉर्न वाजवतो. शिवाय या जातीच्या पुष्कळ गाड्यांत दुसरी बैठक पार खाली, चाकांच्या मध्ये असते. इंग्लंडातील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली लक्ष वेधले होते, की बाबागाडीतल्या मुलाचे नाक जमिनीपासून अर्ध्या-पाऊण मीटरवर, म्हणजे मोटारीच्या धुराच्या नळीच्या शेजारी असते आणि शेजारून चालणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा ते अधिक घाणेरडी हवा श्वासावाटे घेते. खालच्या बैठकीवरचे मूल त्याहूनही खाली. कर्वे रस्त्यावर जिला रोज जायचे आहे तिने हे लक्षात घ्यावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. तान्ह्याची मान धरेपर्यंत, किंबहुना ते बसते होईपर्यंत, त्याला पाठीवर सपाट निजता येईल अशी एक तरी बैठक हवी. अर्धवट कलती चालत नाही. खांद्यांवरून, कमरेवरून आणि दोन पायांमधून येणारा पाच टोकांचा पट्टा दोन्ही बैठकींना असावा. पुढची गरगर फिरणारी चाके अगदी लहान असली तर ती गटाराच्या जाळीत आणि ठोकळ्यांच्या फटीत अडकतात, म्हणून मोठी चाके बरी, जरी त्यांनी वजन वाढते. रिकाम्या दुहेरी गाडीचे वजनच दहा ते पंधरा किलो भरते. जिथे लिफ्ट नाही तिथे घेण्यापूर्वी ती स्वतः उचलून पाहावी, नवऱ्याने उचलून पाहू नये. दांड्याला भाजीच्या पिशव्या अडकवू नयेत. मूल उतरवताच गाडी मागे उलटते. उन्हात गाडीवर दुपटे पांघरू नये, आतली हवा कोंडून तापते. आणि थोरले मूल तीन वर्षांचे झाले असेल तर दुहेरी गाडीची गरजच नाही. एकेरी गाडीला मागे उभे राहायची चाकांची फळी जोडता येते. पोर त्यावर उभे राहून रथात असल्यासारखे मिरवते आणि कंटाळले की उतरून चालते. ही फळी दुकानदार आपण होऊन दाखवीत नाही. तिची किंमत फार कमी असते.

इतके करून, दार मोजून, मनगट पाहून, योग्य गाडी घरात आली असे समजू. लिफ्ट खाली आली. फाटक उघडले. आता पुढे काय?

पुढे आपला पदपथ आहे, आणि माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या सोयींविषयी २०१२ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत लिहून ठेवले आहे, की राहत्या वस्तीत पदपथावर चालायला निदान १.८ मीटर रुंदीची निखळ मोकळी जागा हवी. समोरासमोरून येणाऱ्या दोन चाकांच्या खुर्च्यांनी एकमेकींना ओलांडावे, हा त्या मापामागचा हिशेब. काठाची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको, आणि जिथे रस्ता ओलांडायचा तिथे उतार हवा. उत्तम! हे कागदावरचे माप घेऊन बाहेर पडावे. पन्नास पावलांवर विजेची पेटी, तिच्या पुढे झाड आणि झाडाभोवती कट्टा, मग कोणाच्या तरी बंगल्याचे फाटक, त्यासाठी पदपथ कापलेला, मग पुन्हा एक फूट उंच चढण, मग उभ्या केलेल्या दुचाकी, मग चालत्या दुचाकी! दुचाकीवाल्यांना अडवायला खांब रोवले आहेत, तर त्यांतून दुचाकी निघते आणि बाबागाडी अडकते. शेवटी आई काय करते? गाडी रस्त्यावर उतरवते आणि दोन मुलांना पुढे करून बसच्या दिशेने चालू लागते. त्याला आपण ‘परदेशी खुळ’ म्हणतो. खुळ आहेच, पण ते आईचे नव्हे.

कोणी म्हणेल, आपल्या गर्दीच्या शहरांत हे व्हायचेच. मग जंगली महाराज रस्त्यावर ते कसे झाले? काही वर्षांपूर्वी तेथे रुंद, सलग पदपथ केले, बसायला जागा केल्या. म्हातारी माणसे तिथे बसू लागली, मुले खेळू लागली. शहर तेच, महापालिका तीच, गर्दी तीच. एका रस्त्याला जमले ते दुसऱ्याला का जमू नये, याचे उत्तर अभियंत्यांच्या विद्येत सापडायचे नाही.

पदपथाला उतार देण्याची कल्पना मुळात आयांसाठी निघालेली नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावाने १९४५ साली युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी असे उतार केले. सत्तरच्या दशकात बर्कलीच्या अपंग विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी त्यासाठी झगडा केला. १९९० साली देशव्यापी कायदा झाला. उतार झाले आणि त्यांवरून सर्वांत जास्त कोण जाऊ लागले? बाबागाड्या, सामानाच्या हातगाड्या, पेटीला चाके लावलेले प्रवासी आणि काठी टेकणारे म्हातारे. आपल्याकडेही दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आहे. चाकांच्या खुर्चीवाला आणि दोन मुलांची आई यांना एकाच उताराची गरज आहे, आणि या दोघांनी मिळून तो मागितला पाहिजे.

मिळून मागितला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण सांगते. इंग्लंडात वेदर्बीहून लीड्सला जाणाऱ्या बसमध्ये २०१२ साली चाकांच्या खुर्चीतला एक प्रवासी चढू लागला. खुर्चीसाठी राखलेल्या जागेत एका बाईची बाबागाडी होती, आत मूल झोपले होते. चालकाने तिला सरकायला सांगितले. ती म्हणाली, गाडी मिटत नाही. प्रवासी खाली राहिला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला: चालकाने नुसती विनंती करून थांबू नये, नकार गैरवाजवी असेल तर आणखी प्रयत्न करावा, वेळ पडली तर बस काही मिनिटे उभी करून ठेवावी. निकाल मला मान्य आहे. राखीव जागा खुर्चीवाल्याचीच. पण त्या निकालाच्या बातम्या वाचताना, आई विरुद्ध अपंग अशी जी कुस्ती लोकांनी रंगवली, तिचा मला संताप आला होता. बसमध्ये एकच जागा ठेवणारा कोण? दोन गरजवंतांना एका चौकटीत उभे करायचे आणि त्यांची हाणामारी बघायची, ही युक्ती इंग्लंडातही चालते, आपल्याकडेही चालते. तिथे निदान भांडायला एक जागा तरी होती.

आता एक आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे: बाई, ज्या देशात बांधकामावरची मजुरीण विटांच्या ढिगाशेजारी झोळीत तान्हे टांगते, तिथे तुम्ही दुहेरी बाबागाडीवर पाने खर्च करता? होय, करते. बाबागाडीची किंमत पुष्कळ घरांना परवडणारी नाही हे मला माहीत आहे. ती दोन-अडीच वर्षांची चीज आहे, तेव्हा नवी घेण्यापेक्षा वापरलेली घ्यावी, ब्रेक आणि पट्टे तपासून घ्यावी आणि पुढे दुसऱ्या बाईला द्यावी. पण मी जे मागते ते गाडीचे अनुदान नव्हे. मी पदपथ मागते. तो मजुरिणीला अधिक लागतो, कारण ती सगळीकडे पायी जाते. तिच्या झोळीवरचा उपाय बाबागाडी नाही, पाळणाघर आहे. बांधकामाच्या जागी पाळणाघरे चालवण्याचे काम मीरा महादेवन यांनी दिल्लीत १९६९ साली सुरू केले, आणि पन्नास किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असतील तिथे पाळणाघर हवे हे २०१७ च्या प्रसूतिलाभ कायद्याच्या दुरुस्तीने सांगितले. ज्या गृहस्थांना बाबागाडी पाहून मजुरिणीची आठवण येते, त्यांनी आपल्या कचेरीतले पाळणाघर कोणत्या मजल्यावर आहे ते कळवावे. मी पत्राची वाट पाहीन.

दुसरा आक्षेप बालवैद्यकातला: मुलांना गाडीत डांबून ठेवणे बरे नव्हे. हे बरोबर आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला एका वेळी एका तासापेक्षा अधिक जखडून ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले. पण पुढचे वाक्य वाचावे. त्या जखडण्यात गाडी आहे, उंच खुर्ची आहे, आणि कोणाच्या पाठीवर बांधून ठेवणेही आहे. म्हणजे परंपरेलाही त्यातून सुटका नाही. गाडी बागेपर्यंत जाण्यासाठी आहे; बागेत पोचल्यावर मुलांना सोडायचे असते. चौथ्या मजल्यावर मुले बांधलेली नसतात हे खरे, पण ती दूरदर्शन संचासमोर किती तास हलत नाहीत याचा हिशेब या आक्षेपकांनी कधी ठेवला आहे काय?

शब्दाविषयी एक सांगायचे राहिले. बाबागाडीतला ‘बाबा’ म्हणजे बाळ, हे कोशाप्रमाणे ठीक. परंतु हल्ली घरोघर ‘बाबा’ म्हणजे वडील. तेव्हा ज्याने ढकलायची त्याच्यावरून गाडीचे नाव पडले आहे, असा अर्थ घेण्यास माझी हरकत नाही. निदान रविवारी.

मला वादविवादाची हौस नाही, मोजमापाची आहे. पुणे महापालिकेच्या रस्ते विभागात जो कोणी अधिकारी असेल त्याला माझे जाहीर आमंत्रण आहे. शेजारी-शेजारी बैठकींची एक गाडी मी आणून देते. डाव्या बैठकीत बारा किलो गहू ठेवू, उजव्या बैठकीत पाच. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली संध्याकाळ, सहाची वेळ. अलका टॉकीजच्या चौकातून निघायचे आणि लक्ष्मी रस्त्याने मंडईपर्यंत जायचे. पदपथ सोडून रस्त्यावर उतरायचे नाही. ‘जरा हात लावता का’ असे कोणाला म्हणायचे नाही. उजवीकडच्या गव्हाला धक्का लागता कामा नये. तो झोपलेला आहे असे समजायचे. मी मागून घड्याळ घेऊन येते.

गहू दळून आणायचे आहेत, तेव्हा ते पोचल्यावर परत द्यावे लागतील.